बायकांना इच्छाच कमी असते?

इथे एकांनी लिहिलंय की लग्नाला काही वर्षं झाली की बायकांची इच्छाच मरते, हे मला अजिबात पटत नाही. संध्याकाळी आम्ही अंबाझरी तलावावर फिरायला जातो तिथे मैत्रीण सांगत होती, नवऱ्याचं झालं की तो पाठ करून घोरतो अन् मी पंख्याकडे पाहत पडते, मग इच्छा होईन काहून? बहुतेक बायकांना नुसत्या संभोगाने ऑरगॅझम (सुखाचा कळस) येत नाही, क्लिटोरिसला (योनीच्या वरच्या बाजूचा नाजूक दाणा) स्पर्श लागतो, अन् हे तोंडाने सांगितलं तर "तुला कुठून कळलं" म्हणून संशय!! संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिकात या विषयांवर उघड लिहीत होते, १९३४ मधे त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर लढले. तिला काय आवडतं ते विचारा ना बाप्पा, अन् नाही म्हटली तर तोंड फुगवून बसू नका.