मदत हवी आहे: चिलीतल्या संपाच्या बातमीवर तांबं आत्ताच भरून ठेवायचं का?

रोहित्र_मकरपुरा
बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत वितरण रोहित्रांचं (ट्रान्सफॉर्मरचं) काम आहे. चार महिन्यांत द्यायची ऑर्डर आहे आणि दर फर्म आहे, मध्ये वाढवून मिळणार नाही. कागद गुंडाळलेली तांब्याची पट्टी ६ टन लागेल: दुसऱ्या महिन्यात २ टन, तिसऱ्यात ४. पट्टीवाले म्हणतात, चिलीत संप होणार आहे, सगळे पैसे भरून सहाच्या सहा टन आजच उचला. संपाचा परिणाम इथल्या दरावर किती दिवसांत येतो? आणि माल भरून ठेवण्याशिवाय दुसरा रस्ता आहे का? ड्रॉइंग अजून मंजूर झालेलं नाही.

तांबेपट्टी
दादा, ड्रॉइंग मंजूर नसताना पट्टी उचलूच नका. माप अर्ध्या मिलिमीटरने बदललं तरी ती पट्टी भंगाराच्या भावात जाते, आणि कागद व ओढाईची मजुरी बुडते ती वेगळी. शिवाय कागद पावसाळ्यात ओल धरतो. दर बांधायचा असेल तर फक्त तांब्याचा बांधा, माप नंतर कळवू असं लेखी ठरवा. बरेच पट्टीवाले काही टक्के आगाऊ घेऊन त्या दिवसाच्या दराने वजन बुक करतात. मजुरी प्रतिकिलो वेगळी लिहून घ्या, ती एलएमईबरोबर, म्हणजे लंडनच्या धातूबाजारातल्या दराबरोबर, हलत नाही.

आता संप. खाण बंद पडली की आधी कॉन्सन्ट्रेट कमी होतं, म्हणजे २५ ते ३० टक्के तांबं असलेली भुकटी. ती जहाजाने आशियात यायला महिनाभर लागतो, आणि ती वितळवणाऱ्या स्मेल्टरच्या आवारात काही आठवड्यांचा साठा असतोच. त्यानंतर कॅथोड (शुद्ध तांब्याचा पत्रा), मग ८ मिलिमीटरचा रॉड, मग तुमची पट्टी. थोडक्यात, खरा तुटवडा उशिरा येतो, भाव मात्र बातमीवर त्याच दिवशी हलतो.

२०१७ चा दाखला बघा. चिलीतली एस्कोंडिडा ही जगातली सगळ्यात मोठी तांब्याची खाण. तिथे ९ फेब्रुवारीला संप सुरू झाला आणि ४० दिवसांच्या वर चालला. फेब्रुवारीच्या मध्यात एलएमई टनाला ६,१०० डॉलरच्या आसपास होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, संप चालू असतानाच, तो ५,७०० च्या आसपास उतरला, कारण एलएमईच्या गोदामांतला साठा अचानक वाढला होता. मोठा हिशोब मांडला तर वर्षाला १० लाख टनांच्या खाणीचे ४३ दिवस म्हणजे १.२ लाख टन. जगातल्या खाणींचं उत्पादन तेव्हा साधारण २ कोटी टन होतं. जेमतेम ०.६ टक्के.

भट्टीजवळ
यात एक भर. संप आणि खाण बंद पडणं या दोन गोष्टी एकाच मापाने मोजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये एस्कोंडिडाचा संप तीन-चार दिवसांत मिटला. पण पनामातली कोब्रे पनामा खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये कोर्टाच्या निकालानंतर थांबली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये इंडोनेशियातल्या ग्रासबर्गमध्ये चिखल घुसून काम बंद पडलं. अशी बंदी महिनोन्‌महिने चालते, आणि तिथे भाव टिकून राहतो.

चिलीत संपाच्या बाजूने मतदान झालं की लगेच काम थांबत नाही. सक्तीची मध्यस्थी असते, पाच दिवसांची, आणि ती आणखी पाच दिवस वाढवता येते. भाव बहुधा याच काळात चढतो. कामगारांचा बोनस तांब्याच्या भावाकडे बघून मागितला जातो, त्यामुळे संपाची बातमी येते तेव्हा भाव बऱ्याचदा आधीच वर असतो. घाबरून खरेदी करणारा नेमका तिथे सापडतो.

तुटवडा खरा आहे का हे बघायचं असेल तर स्मेल्टरची प्रक्रिया-आकारणी बघा, म्हणजे भुकटीचं तांबं करून देण्याबद्दल खाणीकडून मिळणारे पैसे; भुकटी कमी पडली की ती उतरते. २०२४ चा वार्षिक करार टनाला ८० डॉलरचा होता, २०२५ चा २१.२५ चा. म्हणजे भुकटी कमी आणि भट्ट्या जास्त. त्याच वेळी गोदामात कॅथोड पडून असू शकतो. म्हणून जोडीला एलएमईचा साठा आणि रोखीचा दर व तीन महिन्यांनी माल देण्याचा दर यांतला फरकही बघा. रोखीचा दर तीन महिन्यांच्या दरापेक्षा बराच वर गेला तर माल खरोखर कमी आहे.

रोहित्र_मकरपुरा
मतदानानंतरचे ते दिवस लक्षात घेतले. पण फर्म दराचं काय करायचं? भाव चढला तर नफा सगळा जाईल.

हिशेबी_बडोदेकर
आधी जोखीम रुपयांत मांडा. समजा एलएमई १०,००० डॉलर आणि डॉलर ८८ रुपये, तर तांब्याचे किलोला ८८० रुपये. आयात शुल्क, प्रीमियम (एलएमईवर पुरवठादार लावतो ती वाढ) आणि १८ टक्के जीएसटी त्यावर वेगळे. एलएमई १०० डॉलर वाढला तर किलोला ८.८० रुपये, तुमच्या ६ टनांवर ५२,८०० रुपये. डॉलर एक रुपयाने वाढला तर किलोला १० रुपये, म्हणजे ६०,०००. हा दुसरा आकडा बहुतेक जण विसरतात. २०१८ मध्ये तुतिकोरिनचा स्मेल्टर बंद झाल्यावर देश शुद्ध तांब्याचा निव्वळ आयातदार झाला, आणि रुपयाचा धक्का थेट लागतो.

एमसीएक्सवर, म्हणजे आपल्याकडच्या वायदे बाजारात, तांब्याचा लॉट (एका सौद्याचं वजन) २,५०० किलोचा आहे. वायदा आज घेऊन ठेवला की भाव चढल्यावर पट्टीत जे जास्त जातं ते सौद्यात परत मिळतं. २ लॉट घेतले की ५ टन झाकले जातात, उरलेला १ टन पट्टीवाल्याकडे बुक करा. सौदा ऑर्डर पक्की होईल त्या दिवशी घ्या, बातमीच्या दिवशी नाही. पट्टीचा दर ठरेल त्याच दिवशी तेवढा सौदा उलटवा, म्हणजे विकून बंद करा: दुसऱ्या महिन्यात १ लॉट, तिसऱ्यात दुसरा. अर्धा टन इकडेतिकडे राहील, तो बुकिंगमध्ये धरा.

चुकतं ते इथे. भाव किलोला २० रुपये उतरला तर २ लॉटवर १ लाख रुपये रोख भरावे लागतात, आणि ते रोजच्या रोज. पट्टी तेवढीच स्वस्त मिळेल, पण महिनाभराने. ती रोकड हाताशी नसेल तर ब्रोकर सौदा कापतो आणि मग संरक्षण उरत नाही. दुसरं, हा करार सक्तीच्या डिलिव्हरीचा आहे. शेवटच्या दिवसांपर्यंत थांबू नका, सौदा आधीच पुढच्या महिन्याच्या करारात न्या. आणि अमेरिकेच्या कॉमेक्स या वायदे बाजाराच्या भावावर निर्णय घेऊ नका. जुलै २०२५ च्या अखेरीस तिथल्या आयात शुल्कातून शुद्ध तांबं वगळल्याचं जाहीर झालं आणि तो एका दिवसात वीस टक्क्यांच्या आसपास पडला. इथला दर एलएमईमागे चालतो.

तांबेपट्टी
पुढच्या ऑर्डरसाठी: ग्राहकाकडे आयईईएमएच्या (विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या) दरपत्रकावर आधारलेलं किंमत-बदल कलम मागा, म्हणजे तांब्याचा दर बदलला की तुमचा दरही बदलेल. त्यात मूळ तारीख, प्रत्येक रोहित्रातलं तांब्याचं वजन किलोत आणि कमाल मर्यादा हे तिन्ही लिहा. वजन लिहिलं नाही तर बिलाच्या वेळी वाद हमखास होतो. ग्राहक नाहीच म्हणाला तर कोटेशनची मुदत ६० दिवसांवरून ७ दिवसांवर आणा.

रोहित्र_मकरपुरा
ड्रॉइंग मंजूर झाल्याशिवाय पट्टी उचलत नाही. आत्ता १ टन बुक करतो, माप नंतर. २ लॉटसाठी मार्जिन (ब्रोकरकडे ठेवायची अनामत) आणि वर २ लाख वेगळे ठेवले तर पुरतील का?

हिशेबी_बडोदेकर
२ लाख म्हणजे किलोला ४० रुपयांची उतरण. ८८० च्या भावावर साडेचार टक्के, तांबं तेवढं एका आठवड्यात हलू शकतं. ४ लाख ठेवा.