जबड्याचं थ्रीडी मॉडेल: ट्यूमरच्या बाजूला चाळणी होतेय आणि कॉन्डाइल कवटीला चिकटतोय

अक्कलदाढ
मंडळी, मदत हवीये. ओरल सर्जरीत एमडीएस करतेय, दुसरं वर्ष. वॉर्डात अमेलोब्लास्टोमाची (जबड्याच्या हाडातला ट्यूमर) केस आहे, खालचा जबडा, डावीकडे, बॉडीपासून (आडवा भाग) अर्ध्या रेमसपर्यंत (मागचा उभा भाग) पसरलाय. सर म्हणाले जबड्याचं मॉडेल प्रिंट करून आण, रिकॉन प्लेट (कापलेल्या हाडाच्या जागी बसवायची धातूची पट्टी) आधीच त्यावर वाकवून ठेवू, म्हणजे ओटीत पेशंट झोपलेला असताना प्लेट वाकव, लावून बघ, परत वाकव हे करत बसायला नको. मी उत्साहात हो म्हणून बसले आणि आता चौथी रात्र आहे थ्रीडी स्लायसर (सीटी स्कॅनवरून मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून बसलेय.

थ्रेशोल्ड (कितीच्या वरचं हाड धरायचं तो आकडा) २५० च्या वर ठेवला तर उजवी बाजू ठीक येते पण ट्यूमरच्या बाजूला हाडाची पार चाळणी. १२० वर आणला की भोकं भरतात, पण मग मानेतल्या रक्तवाहिन्या आणि काय काय, सगळंच हाड म्हणून उगवतं. कॉन्डाइल (सांध्यात बसणारं जबड्याचं वरचं टोक) वर कवटीला चिकटलेला. एका दाढेवर मेटलची कॅप आहे, तिथून दिवाळीच्या अनारासारखे काटे निघालेत. आणि अख्ख्या मॉडेलला जिन्यासारख्या पायऱ्या. स्क्रीनशॉट जोडलाय. हाताने एकेक स्लाइस रंगवायला घेतलीये, यात काही शॉर्टकट आहे का?

गँट्रीमागचा_माणूस
मॅडम आधी तो स्क्रीनशॉट काढा, कोपऱ्यात पेशंटचं नाव, वय, तारीख सगळं वाचता येतंय. मग बोलू.

आणि सीडीवर सिरीज किती आहेत, स्लाइस किती जाडीची घेतलीत तेवढं सांगा.

अक्कलदाढ
अरे देवा, काढला. थँक्यू. सिरीज दोनच, एक प्लेन आणि एक कॉन्ट्रास्ट (शिरेत औषध सोडून काढलेली). मी कॉन्ट्रास्टवाली घेतली कारण ती जास्त स्पष्ट वाटली. ३८ स्लाइस, ५ मिलिमीटर.

गँट्रीमागचा_माणूस
मग रंगवणं थांबवा, तुमची चूक नाहीये. ५ मिलिमीटरची सिरीज रिपोर्टिंगला आणि फिल्मला असते, मॉडेलला नाही. आडवा पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणि उंची ५, म्हणजे तुमचा एकेक व्हॉक्सेल (थ्रीडी पिक्सेल) आगपेटीच्या काडीसारखा उभा आहे. जिना तिथूनच येतो.

चाळणीचंही कारण बघा. हाउन्सफिल्ड स्केलवर (सीटीत घनतेचं माप) पाणी ०, हवा उणे १०००, घट्ट हाड धरा १०००, ट्यूमरचा मऊ भाग धरा ४०. ट्यूमरने आतून दाबून दाबून जबड्याच्या खालच्या काठाची भिंत समजा १ मिलिमीटर उरलीये आणि ती स्लाइसला समांतर पडलीये. मशीन त्या ५ मिलिमीटरची सरासरी काढतं: १ मिलिमीटर हाडाचे १०००, बाकी चारांचे ४० प्रमाणे १६०, एकूण ११६०, भागिले ५, आले २३२. तुमचा थ्रेशोल्ड २५०. हाड तिथं आहे, पण सॉफ्टवेअरला ते दिसणारच नाही. कितीही रात्री जागा.

स्कॅन झाला त्या सेंटरला आजच फोन करा. पेशंटला परत झोपवायची गरज नाही, आधीच घेतलेल्या डेटावरून पातळ सिरीज बनवता येते, पण मशीनवर कच्चा डेटा थोडेच दिवस राहतो, जागा लागली की उडतो. पॅक्सवर (सेंटरचा स्कॅन साठवायचा सर्व्हर) पातळ सिरीज आधीच पडलेली असण्याचा पण चान्स आहे, सीडीवर टाकत नाही कोणी. मागताना असं मागा: प्लेन सिरीज, ०.६ किंवा ०.६२५ मिलिमीटर, सॉफ्ट टिश्यू कर्नल (कर्नल म्हणजे चित्र मऊ की कडक बनवायचं ते सेटिंग). बोन कर्नल डोळ्याला छान कडक दिसतो पण त्यात नॉइज फार, थ्रेशोल्ड लावला की खरखरीत पृष्ठभाग येतो. आणि मेटल आर्टिफॅक्ट (ते काटे) कमी करायची सोय त्या मशीनवर असेल तर ती पण लावायला सांगा. कॉन्ट्रास्टमध्ये भरलेल्या शिरा हाडाच्या खालच्या रेंजमध्ये येऊन बसतात, म्हणून तुमच्या मॉडेलला त्या झाडाच्या मुळ्या फुटल्यात.

फिलामेंट_भाऊ
वरच्या दादांना दंडवत. पातळ सिरीज आली की ताई असं कर. क्रॉप व्हॉल्यूमने फक्त जबडा आणि वर कानापर्यंतचा भाग ठेव, नाहीतर लॅपटॉप रडतो. सेगमेंट एडिटरमध्ये थ्रेशोल्ड लाव पण अप्लाय करू नकोस, 'युज फॉर मास्किंग' दाब, म्हणजे ब्रश फक्त हाडावरच उमटतो. मग तीन सेगमेंट: जबडा, वरची कवटी, आणि मेटलचे काटे वगैरे कचरा. तिन्ही व्ह्यूमध्ये प्रत्येकाचे चार-पाच फराटे मार आणि 'ग्रो फ्रॉम सीड्स' ला इनिशियलाइज दे. कॉन्डाइलसाठी कोरोनल व्ह्यूमध्ये (समोरून दिसणारा छेद) जा, सांध्याची काळी फट तिथं नीट दिसते, फटीच्या खाली जबड्याचा रंग, वर कवटीचा. चुकलं तिथं अजून एक फराटा, प्रिव्ह्यू आपोआप बदलतो. मनासारखं झालं की मगच अप्लाय.

अजून आळस असेल तर डेंटलसेगमेंटेटर नावाचं एक्स्टेन्शन आहे, वरचं हाड, जबडा, वरचे दात, खालचे दात आणि नर्व्हचा कॅनाल असे पाच वेगळे करून देतं. उजव्या बाजूला झक्कास काम होईल. ट्यूमरच्या बाजूला डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस, आउटलाइन मूळ स्लाइसवर टाकून वरपासून खालपर्यंत एकदा स्क्रोल करून बघच. आणि मऊ दिसावं म्हणून मीडियन स्मूदिंग ३ मिलिमीटरवर ठेवशील तर पातळ हाड गायब होईल, मी केलंय हे एकदा, डोळ्याच्या खोबणीचा तळच उडाला होता.

ओटी_क्रमांक_३
थांबा जरा. सगळे सेगमेंटेशन (स्कॅनमधून हाड वेगळं काढणं) शिकवताय, पण त्या भोकांची हिला गरज काय आहे ते विचारलंच नाही कोणी.

अगं, तो डावा भाग तुम्ही कापून टाकणार आहात ना? मग त्याची चाळणी झाली काय आणि घमेलं झालं काय. प्लेटचे स्क्रू उरलेल्या हाडात बसणार, पुढे हनुवटीपाशी आणि मागे रेमसच्या वरच्या तुकड्यात. ती दोन टोकं आणि कॉन्डाइल तुला अचूक हवेत. चार रात्री तू टाकून द्यायच्या हाडावर घालवल्यास.

उलट ती बाजू हुबेहूब आली तरच घोळ आहे. अमेलोब्लास्टोमाने हाड बाहेर फुगलेलं असतं, त्या फुगवट्यावर प्लेट वाकवलीत तर पेशंटचा गाल तसाच फुगलेला राहणार. एकतर मॉडेलवर फुगवटा कापून सपाट करा, नाहीतर चांगली उजवी बाजू मिरर करून डावीकडे बसवा. सरफेस टूलबॉक्समध्ये मिररचा पर्याय आहे. फक्त मिरर केलेला तुकडा आपोआप जागेवर बसत नाही, पेशंटचं डोकं गँट्रीत (सीटी मशीनची गोल चौकट) जरा जरी कललेलं असलं तरी तिरपा येतो, कॉन्डाइल आणि हनुवटीची मधली रेष जुळवून हाताने सरकवावा लागतो. कुठून कापायचं ते सरांकडून स्क्रीनवर दाखवून घे. आणि स्लायसर हे रिसर्चसाठीचं सॉफ्टवेअर आहे, क्लिनिकल वापराची मान्यता त्याला नाही, त्यामुळे मॉडेल बरोबर आहे की नाही हे शेवटी सर्जननेच तपासायचं.

अक्कलदाढ
मला आता रडू की हसू कळत नाहीये. 😭 सरांना विचारलं तर म्हणाले, "मिररच करायचंय, मी बोललो नव्हतो का?" नव्हते बोलले.

फिलामेंट_भाऊ
हाहा. प्रिंट देताना एक सांभाळ, एसटीएल फाइलमध्ये (प्रिंटला द्यायची मॉडेलची फाइल) युनिट नसतं, नुसते आकडे असतात, दुकानात मिलिमीटर म्हणून सांग. मागे एका दुकानातल्या पोराने प्रिंट रात्रीत संपावी म्हणून स्केल ९० टक्के केला आणि सांगितलंच नाही. म्हणून स्लायसरमध्ये दोन्ही कॉन्डाइलमधलं अंतर मोजून कागदावर लिहून ने आणि प्रिंटवर व्हर्नियर लावून बघ. अजून एक, पीएलए (प्रिंटचं प्लास्टिक) साठ डिग्रीच्या आसपासच मऊ पडतं, १२१ च्या ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) घातलंस तर जबड्याची जिलबी बाहेर येईल. प्लेट बाहेर वाकवा, ऑटोक्लेव्ह फक्त प्लेट.

अक्कलदाढ
अपडेट. पॅक्सवर ०.६२५ ची प्लेन सिरीज होती!! मागितल्यावर दहा मिनिटांत दिली. ग्रो फ्रॉम सीड्सने कॉन्डाइल पहिल्या फटक्यात सुटला. भोकं पण बरीचशी आपोआप भरली, आता त्यांचा काही उपयोग नाही तरी. मिरर बसवायला दोन तास गेले. व्हर्नियरवर फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

काल सरांनी प्लेट वाकवायला घेतली, दोन ठिकाणी मस्त बसली आणि तिसऱ्या वेळी जोर लावला तर रेमस टक्कन तुटला. सध्या फेविक्विकने चिकटवलाय.

फिलामेंट_भाऊ
इनफिल (आतला भराव) किती टक्के ठेवलं होतं?

अक्कलदाढ
दुकानवाल्याने १५ ठेवलं होतं.

फिलामेंट_भाऊ
अगं १५ वर मखरातल्या वेलबुट्ट्या होतात, त्यावर पक्कड मारायची नसते. भिंती पाच-सहा आणि इनफिल ५० करून परत काढ, आणि रेमस बेडवर उभा ठेवू नको, जबडा आडवा झोपव, लेयर त्या जोराला आडवे यायला हवेत. रात्री लावलास तर सकाळपर्यंत होईल.