झोपेकडेही एकदा बघा
आहार आणि व्यायाम सांभाळूनही सकाळची उपाशीपोटीची साखर उतरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. झोप किती होते ते लिहिलं नाहीत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या एका अभ्यासात ११ निरोगी तरुणांना सलग ६ रात्री फक्त ४-४ तास झोपू दिलं होतं. तेवढ्यानंच त्यांच्या रक्तातली साखर उतरण्याचा वेग ठळकपणे मंदावला, संध्याकाळचं कॉर्टिसॉलही (ताणात वाढणारं, साखर चढवणारं संप्रेरक) चढं राहिलं. मधुमेह नसलेल्यांची ही गत! घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी कृपा करून टाळू नका. त्यात रात्रभर श्वास अडखळतो आणि ८ तास पडून राहिलं तरी झोप तुटलेलीच असते. झोप सुधारली म्हणून मधुमेहाच्या गोळ्या मात्र स्वतःहून कमी करू नका. साखरेच्या नोंदींबरोबर झोपेच्या वेळाही लिहून डॉक्टरांना दाखवा.