थंडीत वेल काळा पडतोय, तातडीने मदत हवी

शहापूरची_वैनी
नमस्कार. थोडक्यात विचारते. गेल्या आठ दिवसांत वेलाची पानं काळी पडून गळायला लागलीत. रात्रंदिवस प्लॅस्टिक घालून ठेवलंय, पाणी रोज न चुकता घालते, तरी फरक नाही. संक्रांतीला १० दिवस राहिलेत आणि हळदीकुंकवाला घरचीच पानं द्यायची आहेत. थंडीपासून वाचवायला काय करू? लवकर सांगा, प्लीज.

खानापूरकर
कसला वेल? मनीप्लांट, जाई, कारलं? गाव कुठलं? कुंडीत आहे की जमिनीत? फोटो टाका की ओ.

शहापूरची_वैनी
हळदीकुंकवाला कारल्याची पानं कोण देतं? नागवेल, विड्याच्या पानांचा. बेळगाव, शहापूर. मोठ्या कुंडीत आहे. आईनं सावंतवाडीहून कांडी दिली होती, ४ वर्षं झाली. आजवर काही झालं नव्हतं.

निफाडकर
आमच्याकडे पारा ५ च्या खाली गेला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात. हुकमी उपाय. पालापाचोळा जरा ओलसर ठेवायचा, म्हणजे जाळ न होता धूर धरतो.

निपाणीचा_भाचा
पाव्हणं, एक कुंडी आहे ती, एकर नव्हे. धूर केला तर आधी शेजारीण येईल.

डेलियावाला
मी सध्या इंग्लंडात असतो. इथे पहिल्या हिमकडाक्यात डेलियाचा पाला काळा पडला की कंद उकरून, वाळवून, लाकडाच्या भुशात घालून घरात ठेवतो आणि वसंतात परत लावतो. काळजी करू नका, काळा पडला म्हणजे मेला असं नसतं.

खानापूरकर
नागवेलीला कंद कुठला? वैनी काय उकरणार? आणि बेळगावात हिम पडतं कुठे? रात्रीचे १२-१३ अंश, फारच झालं तर १० च्या आसपास. नागवेल एवढ्यानं मरत नाही, फक्त वाढायची थांबते. पानं पिवळी झाली असती तर थंडी म्हटलं असतं. काळी म्हणताय, म्हणजे दुसरं काहीतरी आहे. बुडाशी खोड दाबून बघा, मऊ लागतंय का?

कॅम्पातले_काका
आता कसली थंडी राहिलीय बेळगावात! समुद्रसपाटीपासून ७५० मीटरवरचं गाव, गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे. आमच्या लहानपणी नळाखाली हात धरवत नव्हता. झाडं तोडली, बंगले पाडून इमारती उठवल्या, आता जानेवारीत पंखा लावतात लोक.

टिळकवाडी_गार्डन
१ चमचा युरिया पाण्यातून द्या. आठ दिवसांत हिरवागार.

निपाणीचा_भाचा
युरिया अजिबात नको! गारठ्यात मुळं झोपलेली असतात, अन्न घेत नाहीत. वरून खत ओतलं तर उरलेलीही करपतील. माझ्या मामाचा मिरजेकडं पानमळा आहे, त्यांचं सांगतो. पानवेलीला सावली, दमट हवा आणि आडोसा लागतो. थंडीपेक्षा कोरडा वारा जास्त मारतो. म्हणून मळ्याच्या कडेनं ताट्या बांधतात, आत शेवरी-शेवग्यावर वेल चढवतात. तुमच्याकडं आडोसा काय आहे? आणि मला विचाराल तर उतरण करा. खालचा पानं नसलेला वेल वेटोळं करून मातीत पुरायचा, नवी मुळं सुटतात, वेल परत जवान.

खानापूरकर
उतरण आत्ता? मामा जानेवारीत करतात का?

निपाणीचा_भाचा
...विचारून सांगतो.

शहापूरची_वैनी
इतके प्रश्न! बुडाशी दाबलं. मातीपासून चार बोटं मऊ आहे, सालीखाली काळपट, वास येतोय. वरचं टणक आहे. प्लॅस्टिक पानांवरच टाकलंय, आत सकाळी पाणी धरतं. आडोसा काही नाही, गच्चीवर आहे.

खानापूरकर
गच्चीवर? ४ वर्षं गच्चीवरच होती?

शहापूरची_वैनी
नाही हो. परसात न्हाणीच्या भिंतीला होती. दिवाळीत घराला रंग काढला तेव्हा कुंडी वर नेली. मग भिंत स्वच्छ दिसायला लागली म्हणून वरच ठेवली. त्याचा काय संबंध?

खानापूरकर
वैनी, न्हाणीत बंब आहे का?

शहापूरची_वैनी
आहे. रोज पेटतो. सासूबाईंना गिझरचं पाणी चालत नाही.

खानापूरकर
घ्या. ४ वर्षं त्या वेलीला बंबाची ऊबदार भिंत होती, न्हाणीची वाफ होती, दुपारचं ऊन अडत होतं. ते काढून तुम्ही तिला उघड्या गच्चीवर, गार फरशीवर आणि पूर्वेच्या कोरड्या वाऱ्यात ठेवलं. वर रोज पाणी. माती गार असली की मुळं पाणी ओढत नाहीत, ते साचतं आणि बूड कुजतं. पानांना प्लॅस्टिक चिकटलं की तिथं ओल धरून डाग पडतात. म्हणजे थंडीनं निम्मं आणि काळजीनं निम्मं.

आता करायचं ते असं. कुंडी आजच खाली परसात, त्याच भिंतीशी. खाली दोन विटा किंवा फळी, भोकं मोकळी राहिली पाहिजेत. वरची माती दोन बोटं कोरडी होईतो पाणी बंद. मग घालायचं तेही दुपारी, उन्हात ठेवलेल्या बादलीतलं. प्लॅस्टिक काढून टाका. झाकायचंच असेल तर जुनी सुती साडी, चार काठ्या रोवून, पानांना न टेकता. संध्याकाळी घालायची, सकाळी ८ ला काढायची.

आणि बूड वाचणार नाही असं धरून चाला. वरच्या खोडावर नखानं जरा खरवडा. आत हिरवं असेल तिथून ३-३ पेरांच्या कांड्या काढा. कात्री आधी उकळत्या पाण्यातून काढा. कुजलेल्या भागाला लावलेली कात्री पुढे वापरू नका, रोग तसाच पसरतो. कांड्या कोकोपीट आणि वाळूत, एक पेर मातीत.

टिळकवाडी_गार्डन
आत्ता कांड्या लागत नाहीत. होळीपर्यंत थांबा.

खानापूरकर
बूड कुजतंय, होळीपर्यंत वेल कुठे राहणार? चारातली एक लागली तरी पुरे. बंबाच्या भिंतीशी ठेवल्या तर लागतात.

निपाणीचा_भाचा
मामाशी बोललो. म्हणाले थंडीत उतरण करायची नाही, आणि बूड कुजलेल्या वेलाची तर कधीच नाही. आधी मुकाट्यानं कांडी कापून घे म्हणाले. मला शिव्याही घातल्या.

कॅम्पातले_काका
बंबाचं पाणी ते बंबाचं पाणी. गिझरनं अंग शेकत नाही.

शहापूरची_वैनी
कुंडी खाली आणली, दोघांनी मिळून. कुंडी उचलल्यावर फरशीवर काळं पाणी होतं. खरवडून बघितलं, पाचव्या पेरापासून वर हिरवं आहे. ६ कांड्या केल्या. शेजारच्या अज्जीनं बघितलं आणि कन्नडमध्ये बरंच बोलली. मला एलेबळ्ळी (म्हणजे पानवेल) आणि पाणी एवढंच कळलं, पण सूर कळला. हळदीकुंकवाला पानं बाजारातूनच आणते. आईचा फोन आला होता, वेल बरा आहे म्हणून सांगितलं.

अनगोळ_७७
माझी जास्वंद थंडीत कळ्या गाळते, तिलाही बंबाशी ठेवू का?

खानापूरकर
कुंडीत की जमिनीत? फोटो टाका.