मदत हवी आहे : नागपूरच्या धरमपेठेतला जुना बंगला विकायचाय

आजोबांनी बांधलेला स्वतंत्र बंगला, चारही बाजूंनी पुरुषभर उंच दगडी कंपाउंड, आत बाग आणि मे महिन्यातही न आटणारी विहीर. येणारा प्रत्येक बिल्डर मात्र फक्त प्लॉटचे स्क्वेअर फूट मोजतो. सागवानी दारं त्याच्या हिशेबात शून्य. आम्हाला राहायला घेणारं कुटुंब हवंय, भाव थोडा कमी आला तरी चालेल. (आत्याला नाही चालणार, ते वेगळं!)

अडचण अशी की जागा नझूलची (म्हणजे सरकारी, लीजवर दिलेली), आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) अजून आजोबांचंच नाव. आधी वारसांची नोंद, मग लीजचं नूतनीकरण, मग फ्रीहोल्ड (म्हणजे पूर्ण मालकी), हाच क्रम ना? की लीजवरच विकता येतं? अशा घरावर गिऱ्हाइकाला बँक कर्ज देते का? नझूलची कामं करणारा वकील कोणाच्या माहितीत असेल तर कृपया मेसेज करा.