मदत हवी आहे : पुराच्या इशाऱ्यासाठी तुमच्याकडचे शब्द

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण मिळून पुराच्या इशाऱ्याचे मराठी संदेश लिहितोय. गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर जातील असे, दोन-तीन ओळींचे. मूळ मसुदा इंग्रजीत आहे आणि त्यात सगळीकडे एकच शब्द, 'फ्लड'. नदी पात्राबाहेर पडली तरी फ्लड, शहरात गटारं उलटली तरी फ्लड, धरण फुटलं तरी फ्लड, खाडीचं पाणी वस्तीत आलं तरी फ्लड. शब्दकोश पूर, महापूर, आप्लाव, जलप्रलय असे प्रतिशब्द देतो. पण 'जलप्रलयाची शक्यता' वाचून गोठ्यातली जनावरं कधी सोडायची हे कुणाला कळणार?

पाणी कुठून येतंय आणि किती वेगाने, हे इशाऱ्याच्या शब्दातूनच कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या रोजच्या बोलण्यात ते कळतंच की. ओढ्याला 'लोंढा' येतो म्हटलं की उभं राहायलाही वेळ नाही. मुंबईत पाणी 'भरतं' किंवा 'तुंबतं'. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तरी दादर-परळचा माणूस 'पाणी भरलं होतं' असंच सांगतो. पुण्यातले जुने लोक १९६१ च्या पुराबद्दल 'पानशेत फुटलं' म्हणतात, त्यात सगळंच आलं.

आमच्या कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात पाणी सावकाश चढतं आणि दिवसेंदिवस हलत नाही. कृष्णा भरली की नरसोबाच्या वाडीच्या संगमावर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे पसरतं. त्याला आम्ही 'फुगवटा' म्हणतो. २०१९ ला असंच झालं. गावाला पाण्याने 'वेढा' दिला, रस्ते आधी गेले आणि घरात पाणी नंतर 'शिरलं'. म्हणजे निघायची वेळ पाणी उंबऱ्याला लागण्याच्या कितीतरी आधीची. हे 'फ्लड अलर्ट'मध्ये कुठेच येत नाही.

आकड्यांचंही तसंच. कोयनेतून इतके क्युसेक विसर्ग, एवढ्यावरून घरातल्या बाईमाणसाला काही अंदाज येत नाही. पण सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३, हे पोरासोरांनाही पाठ असतं. वाडीत नदीचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं, त्याला 'दक्षिणद्वार' म्हणतात. त्यातही 'चढता दक्षिणद्वार' आणि 'उतरता दक्षिणद्वार' असे दोन वेगळे शब्दच आहेत, पाणी वाढतंय की ओसरतंय ते लगेच कळतं.

तर विचारायचं हे की तुमच्या भागात पाणी वाढायला लागलं की लोक एकमेकांना काय ओरडून सांगतात? आणि पाण्याची खूण कशावरून धरतात? पूल, पायरी, देऊळ, झाड, काहीही चालेल. छापील मराठी नको, बोलण्यातलं हवं. कोकण, गोदावरीकाठ आणि विदर्भातलं तर आमच्याकडे काहीच नाही.

प्रतिसाद

मालवणी मुलखात पूर म्हणजे 'हूर'. 'व्हाळाक हूर इलो' म्हटलं की पोरांना कुणी पलीकडे पाठवत नाही. गोव्यात 'हुंवार' म्हणतात. एक विनंती, कोकणासाठी 'उधाण' हा शब्द वेगळा ठेवा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा खाडीचं पाणी नदीला बाहेर पडू देत नाही. त्यात वर घाटात पाऊस कोसळत असला तर बाजारपेठ बुडायला काही तास पुरतात. संदेशात पावसाबरोबर भरतीची वेळ लिहाच. आणि खारबंदिस्तीचा बांध फुटून शेतात खारं पाणी आलं तर त्याला पूर म्हणू नका, त्याचं नुकसान वेगळं असतं. जमीन पुढे पीक धरत नाही.

प्रतिसाद

नाशिकला आमची खूण म्हणजे रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं हे कुणी विचारत नाही, 'मारुतीच्या कुठवर आलं?' एवढंच विचारतात. गुडघा, कंबर, छाती, गळा. छातीला लागलं म्हणजे भांडी बाजार, सराफ बाजारवाले माल वर चढवायला लागतात. आणि इथले जुने लोक गोदावरी म्हणत नाहीत, 'गंगेला पूर आला' असंच म्हणतात. संदेशात 'गंगा' लिहिलंत तर लवकर पोचेल.

धागाकर्ता

दोघांचेही खूप आभार. भरतीची वेळ आमच्या मसुद्यात नव्हतीच, आजच घालतो. दुतोंड्या मारुतीची पातळी नाशिकच्या संदेशात पहिल्या ओळीत घेतोय. आता वैनगंगा आणि वर्धा नदीच्या काठचं कुणी आहे का? चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा. तिकडे मागून चढणाऱ्या पाण्याला काय म्हणतात, तेवढं सांगा.