मदत हवी आहे: बेटी बूपच्या जुन्या कार्टूनचा तुकडा ओळखायचा आहे

नमस्कार मंडळी,

माळा आवरताना मामांची एक व्हीएचएस कॅसेट सापडली. बुरशी पुसून कशीबशी चालवली. बेटी बूप या जुन्या अमेरिकी कार्टून नायिकेचं दहा-बारा मिनिटांचं कृष्णधवल कार्टून आहे. नाव नाही, श्रेयनामावली नाही, सगळं कापलेलं.

सुरुवातीला चित्रविचित्र यंत्रांचं प्रदर्शन आहे. त्यातलं एक शिलाई मशीन स्वतःच दोरा ओवून घेतं, मग बिथरतं आणि दिसेल ते शिवत सुटतं. (आई आयुष्यभर ब्लाउज शिवत आली. ती म्हणाली, "बिघडलेलं असलं तरी चालेल, हेच आणून दे. सुईत दोरा ओवायला आता दिसत नाही.") हा भाग फ्लायशर या अमेरिकी कार्टून स्टुडिओचा 1933 चा 'बेटी बूप्स क्रेझी इन्व्हेन्शन्स' असावा, इथपर्यंत मी पोचलोय.

घोळ पुढे आहे. मध्येच पट्टी उडते आणि चौकोनी पदवीदानाच्या टोपीवर बल्ब लावलेले आजोबा येतात. कल्पना सुचली की बल्ब पेटतो. हे बेटीच्या कार्टूनमधले ग्रॅम्पी आजोबा, आणि ते 1935 मध्ये पहिल्यांदा आले. म्हणजे 1933 च्या फिल्ममध्ये ते असणं शक्य नाही.

मला पटलेला पुरावा मात्र बेटीच्या कपड्यांचा आहे. आधीच्या भागात खांदे उघडे, आखूड काळा फ्रॉक, मांडीवर गार्टर. आजोबांच्या भागात गळा झाकलेला, बाह्या आल्या, स्कर्ट खाली उतरला. अमेरिकेत जुलै 1934 पासून सेन्सॉरची आचारसंहिता कडक झाली आणि बिचारीला पेहराव बदलावा लागला! म्हणून मला वाटतं, कुणीतरी दोन फिल्म जोडल्यात.

'बेटी बूप अँड ग्रॅम्पी' पाहिली, पण तिच्यात पार्टी आहे. माझ्या तुकड्यात घरभर पसारा, आणि आजोबा यंत्रं जुळवून तो आवरतायत.

तर ही दुसरी फिल्म कोणती? आणि दोन्हींच्या मूळ कृष्णधवल प्रती कुठे बघायला मिळतील? रंगीत दुवे कृपया नकोत. सत्तरच्या दशकात कोरियात पुन्हा चित्रं काढून रंगवलेल्या बेटीच्या फिल्म फिरतात, त्यात मूळ रेषेची सगळी गंमत गेलीये.

कॅसेटची फीत दोन ठिकाणी चिकटायला लागलीये. ती घरी पुन्हा चालवायची नाहीये; जपून डिजिटल करून देणारं पुण्यात कुणी माहीत असेल तर तेही सांगा.